आज रोख, उद्या उधार

९ एप्रिल २०२४ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात, युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात हवामान बदलावरचे निकाल एकापाठोपाठ एक वाचले गेले. एका खटल्यात स्वित्झर्लंडमधल्या आज्या होत्या. दोन हजारांवर सदस्यांची त्यांची संघटना, सदस्यत्व फक्त वयस्क बायकांना, सरासरी वय ७३. दुसऱ्या खटल्यात पोर्तुगालमधली सहा पोरं, त्यातली काही अजून शाळेत जाणारी. दोघांचं गाऱ्हाणं जवळपास एकच होतं: सरकार कार्बनचं उत्सर्जन कमी करायला टाळाटाळ करतंय आणि भोगतोय आम्ही.

आज्या जिंकल्या. पोरं हरली.

हवामान बदलाचं भांडण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ठरलेलं चित्र येतं. एकीकडे फलक घेतलेली तरुण मंडळी, दुसरीकडे 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं' म्हणणारे म्हातारे. ऑगस्ट २०१८ मध्ये १५ वर्षांची ग्रेटा थुनबर्ग शाळा बुडवून स्वीडनच्या संसदेबाहेर बसली तेव्हापासून हे चित्र पक्कं झालं. २०१९ मध्ये न्यूझीलंडच्या संसदेत २५ वर्षांची खासदार क्लोई स्वॉरब्रिक हवामान कायद्यावर बोलत होती. मध्येच कोणीतरी टोकलं, तर ती 'ओके बूमर' एवढंच म्हणाली आणि भाषण पुढे चालू ठेवलं. ते दोन शब्द जगभर फिरले. बूमर म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर, साधारण १९४६ ते १९६४ दरम्यान, पश्चिमेत जन्मलेली पिढी. स्वस्त पेट्रोल, मोठ्या गाड्या, दर उन्हाळ्यात विमानप्रवास, हे सगळं उपभोगून झालेली.

मग स्ट्रासबर्गमध्ये उलटं का झालं?

त्याआधी भांडण नेमकं कशाचं आहे ते बघू. कार्बन डायऑक्साइड हवेत गेला की चार-दोन वर्षांत निघून जात नाही. त्याचा बराच भाग शेकडो वर्षं राहतो. म्हणून यंदा किती सोडला यापेक्षा आजवर एकूण किती साचला, याला महत्त्व. संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसीसी या शास्त्रज्ञांच्या मंडळाच्या हिशेबानुसार १८५० ते २०१९ या काळात माणसाने सुमारे २,४०० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला. त्यातला ४२ टक्के १९९० नंतरचा. म्हणजे आयपीसीसीचा पहिला अहवाल हातात पडल्यावर, धोका सगळ्यांना ठाऊक झाल्यावर सोडलेला. तापमानवाढ दीड अंशाच्या आत राहण्याची निदान निम्मी शक्यता हवी असेल, तर २०२० च्या सुरुवातीला उरलेला कोटा होता ५०० अब्ज टन. जग वर्षाला साधारण ४० अब्ज टन सोडतं. भागाकार तुम्हीच करा.

जुन्या सोसायटीतली पाण्याची टाकी आठवा. पहाटे उठणाऱ्यांनी हंडे, बादल्या, पिंप सगळं भरून घेतलं, वर अंगणही धुतलं. उशिरा उठलेल्या माणसाने नळ सोडला तर नुसती सूं-सूं हवा. त्याला सांगायचं, आता जपून वापर. फरक एवढाच की टाकी संध्याकाळी परत भरते, हा कोटा भरत नाही. आणि उशिरा उठणारा आळशी नव्हता, जन्मालाच उशिरा आला होता. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हा फरक मोजला. देशांनी तोवर दिलेली आश्वासनं तंतोतंत पाळली तरी २०२० मध्ये जन्मलेल्या मुलाच्या वाट्याला आयुष्यभरात, १९६० मध्ये जन्मलेल्या माणसाच्या सुमारे सातपट उष्णतेच्या लाटा येतील.

हे वाचल्यावर पोरांची बाजू भक्कम वाटते, आणि ती आहेच. पोर्तुगालच्या पोरांनी खटला भरण्यामागे जून २०१७ चे वणवे होते. पेद्रोगाव ग्रांद भागातल्या एकाच वणव्यात ६० हून जास्त माणसं गेली, बरीचशी रस्त्यावर, गाड्यांत अडकून. या पोरांनी पोर्तुगालसकट ३० हून अधिक देशांना एकदम कोर्टात खेचलं. न्यायालय म्हणालं, आधी तुमच्याच देशातल्या कोर्टांचे दरवाजे ठोठावा, थेट इथे येता येत नाही. आणि तुम्ही राहता पोर्तुगालमध्ये, तर जर्मनी-फ्रान्सला तुमच्याबद्दल जाब कसा विचारायचा?

आज्यांची तयारी वेगळी होती. २०१६ मध्ये संघटना काढली, आधी सरकारकडे अर्ज केला, तो फेटाळल्यावर स्वित्झर्लंडमधली एकेक पायरी चढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या, तिथेही हरल्या आणि मगच स्ट्रासबर्गला आल्या. पण खरी गोम पुढेच आहे. संघटना फक्त वयस्क बायकांची का? आजोबांनी काय घोडं मारलं होतं?

कारण कोर्टात जायचं तर 'मला इजा झाली' हे दाखवावं लागतं. 'जगाचं वाईट होतंय' एवढ्यावर भागत नाही. युरोपात उष्णतेच्या लाटांमध्ये सर्वांत जास्त मृत्यू म्हाताऱ्या बायकांचे होतात. २००३ च्या उन्हाळ्यात तिथे ७० हजारांहून जास्त माणसं दगावल्याचा अंदाज आहे, २०२२ च्या उन्हाळ्यात ६१ हजारांहून जास्त, आणि या दुसऱ्या आकड्यात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा ठळकपणे अधिक होतं. वय वाढलं की घाम कमी येतो, हृदयावर ताण पडतो आणि तहान लागल्याची जाणीवच बोथट होते.

ही शेवटची गोष्ट मी घरात पाहिली आहे. आई अकोल्याला असते, वय ७८. मे महिन्यात तिथे ४४-४५ अंश नेहमीचेच. गेल्या मेमध्ये दुपारी दोनला मी तिच्या खोलीत गेलो तर खिडक्यांना ओल्या चादरी, कूलरची घरघर, आणि उशाशी सकाळी भरून ठेवलेला तांब्या तसाच्या तसा. भांडंही पालथंच. पाणी का नाही प्यायलीस म्हटलं, तर म्हणाली, "मले तहानच नाही लागत रे बाप्पा." ओठ मात्र सुकून फाटले होते. स्वित्झर्लंडच्या आज्यांनी कोर्टात डॉक्टरांचे दाखले जोडले होते, त्यात वेगळं काय असणार?

तर आज्या जिंकल्या त्या इजा 'आज' दाखवता आली म्हणून. त्यातही गंमत अशी की चार आज्यांनी व्यक्तिशः केलेले अर्ज न्यायालयाने दाखल करून घेतले नाहीत, संघटनेचा घेतला. आपल्या कार्बनच्या कोट्याचा हिशेब स्वित्झर्लंडने मांडलेलाच नाही, यातून लोकांच्या खासगी आणि कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग होतो, असं १७ पैकी १६ न्यायाधीश म्हणाले. त्याच निकालपत्रात पुढच्या पिढ्यांबद्दलही लिहिलं आहे: ओझं त्यांच्यावर वाढत जाणार, आणि आजच्या निर्णयांत त्यांना मत नाही. म्हणजे युक्तिवाद नातवंडांचा, विजय आज्यांचा.

किराणा दुकानात पूर्वी एक पाटी हमखास असायची, 'आज रोख, उद्या उधार'. उद्या गेलं तरी पाटी तीच. ज्याचं नुकसान पुढे होणार आहे अशा माणसाला कायदा बहुतेक वेळा हीच पाटी दाखवतो. नुकसान उद्या ना? मग उद्या या. मला हे भांडण म्हातारे विरुद्ध तरुण असं कधी पटलं नाही ते यामुळे. ते आज विरुद्ध उद्या आहे. उद्याला वकीलपत्र कोणाच्या नावाने द्यायचं, एवढाच प्रश्न आहे.

जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने तो फार हुशारीने सोडवला. २०१९ च्या जर्मन कायद्यात २०३० पर्यंत उत्सर्जन १९९० च्या तुलनेत ५५ टक्क्यांनी कमी करायचं ठरलं होतं. पुढचं काय, ते मोघम. हवामान चळवळीतली लुईझा नॉयबाउर आणि इतर तरुणांनी याविरुद्ध दाद मागितली. एप्रिल २०२१ मध्ये जाहीर झालेल्या निकालात न्यायाधीशांनी असा विचार केला: या गतीने गेलो तर २०३० पर्यंत देशाचा जवळजवळ सगळा कोटा संपेल. त्यानंतर जी कपात करावी लागेल ती इतकी कडक की प्रवास, घर, धंदा, जगण्याच्या प्रत्येक बाबतीत मोकळीक जाईल. ती ज्यांची जाणार ते लोक आज जिवंत आहेत, या कोर्टात उभे आहेत. म्हणजे उद्याची मोकळीक हिरावण्याचं काम आजचा कायदाच करतो आहे. एका पिढीने कोट्याचा मोठा घास घेऊन सौम्य ओझं उचलायचं आणि पुढच्यांना कडक उपास घडवायचा, हे घटनेत बसत नाही. दोनच महिन्यांत जर्मन संसदेने कायदा बदलला. ५५ चे ६५ टक्के झाले, आणि निव्वळ शून्य उत्सर्जनाचं, म्हणजे जेवढं सोडायचं तेवढंच शोषून घ्यायचं, हे गाठायचं वर्ष २०५० वरून २०४५ वर आलं.

अमेरिकेत माँटाना राज्यातल्या १६ मुलांनी २०२३ मध्ये राज्य सरकारविरुद्ध खटला जिंकला, २०२४ च्या डिसेंबरात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला. त्यांच्या हातात हत्यार होतं १९७२ च्या राज्यघटनेतलं एक वाक्य: स्वच्छ आणि निरोगी पर्यावरण आजच्या आणि पुढच्या पिढ्यांसाठी राखणं हे राज्याचं कर्तव्य. ते लिहिणाऱ्या सभेतल्या सर्वांत तरुण सदस्य मे नान एलिंगसन तेव्हा २४ वर्षांच्या होत्या. पन्नास वर्षांनी, सत्तरी ओलांडल्यावर, त्या या मुलांच्या बाजूने साक्ष द्यायला कोर्टात आल्या. आजोबांनी लावलेलं झाड नातवाने खाण्याच्या गोष्टी आपण ऐकतो. इथे आजीने लावलेलं कलम होतं, दोन्ही अर्थांनी.

आता कोर्टाबाहेर येऊ. उद्याला कमी लेखण्याचं काम सगळ्यात शांतपणे अर्थशास्त्रात होतं, एका टक्केवारीतून. तिला मराठीत वटावाचा दर म्हणता येईल. हुंडी मुदतीआधी वटवली की सावकार थोडी रक्कम कापून घेतो, तसंच. समजा शंभर वर्षांनी समुद्र चढल्यामुळे १०० कोटींचं नुकसान होणार आहे. ते टाळायला आज किती खर्च करणं शहाणपणाचं? वटावाचा दर १.४ टक्के धरला तर आजच्या हिशेबात ते नुकसान सुमारे २५ कोटींचं. दर ४ टक्के धरला तर जेमतेम २ कोटींचं. नुकसान तेच, समुद्र तोच, बुडणारी माणसं तीच. एका आकड्याच्या फरकाने धरण बांधायचं की नाही हे उलटंपालटं होतं.

आकडे मी मनचे घेतलेले नाहीत. ब्रिटिश सरकारसाठी २००६ मध्ये अर्थतज्ज्ञ निकोलस स्टर्न यांनी जो गाजलेला अहवाल लिहिला त्यात दर साधारण १.४ टक्के होता, म्हणून 'आत्ताच, मोठा खर्च करा' असा निष्कर्ष निघाला. अमेरिकेचे विल्यम नॉर्डहाउस म्हणाले, बाजारात लोक प्रत्यक्षात यापेक्षा बराच जास्त परतावा मागतात, दर ४ टक्क्यांच्या पुढे हवा, सबब हळूहळू चला. नॉर्डहाउस यांना २०१८ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. दोघेही हवामान बदल मानणारे, दोघेही विद्वान. नॉर्डहाउस यांचा मुद्दा अगदीच फेकण्यासारखा नाही: पुढची माणसं आपल्याहून श्रीमंत असतील तर आज गरिबाने पोट मारून त्यांच्यासाठी साठवायचं का, हा प्रश्न खरा आहे. पण या दराच्या आत एक तुकडा असा असतो की ज्यात 'माणूस नंतर जन्मला' एवढ्याच कारणाने त्याचं सुखदुःख कमी धरतात. स्टर्न यांनी तो ०.१ टक्का ठेवला, नॉर्डहाउस यांनी १.५. याबद्दल १९२८ मध्येच इंग्लंडच्या फ्रँक रॅम्सी या गणितज्ञाने लिहून ठेवलं होतं की उद्याचं सुख केवळ उद्याचं म्हणून कमी मोजणं नीतीला धरून नाही आणि ते कल्पनाशक्तीच्या दुबळेपणातून येतं. तेव्हा तो २५ वर्षांचा होता. २६ व्या वर्षी वारला.

आपल्याकडे या भांडणाचा सूर वेगळा लागतो, लागायलाही हवा. 'बूमर' हा शब्द उचलून इथे चिकटवला की हिशेब चुकतो. भारतात दरडोई उत्सर्जन आजही वर्षाला सुमारे २ टन आहे, अमेरिकेत १४ च्या आसपास. आणि हे दोन टनही सरासरी आहेत. ज्या बाईचं निम्मं आयुष्य चुलीपुढे, एसटीत आणि साठ वॅटच्या एका दिव्याखाली गेलं, तिने टाकीतून किती बादल्या काढल्या असतील? आमच्या घरात वर्षाला दोनदा विमानात बसणारा मी आहे आणि बंगळुरूहून येणारा भाचा आहे. आईचं विमान एकच, काशीला गेली ते. जाताना रेल्वे, येताना विमान.

इथेही एका मुलीने उद्याचं वकीलपत्र घेतलं होतं. उत्तराखंडची रिद्धिमा पांडे २०१७ मध्ये ९ वर्षांची असताना राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. सरकारने कार्बनचा हिशेब मांडावा आणि मर्यादा ठरवावी, एवढी तिची मागणी. जानेवारी २०१९ मध्ये लवादाने अर्ज निकाली काढला: पर्यावरण परवानग्या देताना हे सगळं आधीच पाहिलं जातं असं गृहीत धरायला हरकत नाही. २०१९ मध्येच ती इतर पंधरा मुलांबरोबर संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीकडे गेली. दोन वर्षांनी उत्तर आलं, आधी आपापल्या देशांतल्या कोर्टांत जा. पाटी तीच.

आणि मग मार्च २०२४ मध्ये, आज्यांच्या निकालाच्या तीनच आठवडे आधी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असणं हा घटनेच्या कलम १४ (समानता) आणि २१ (जीवित) खालचा हक्क आहे. खटला कशाचा? माळढोक पक्ष्याचा. हाच पक्षी, ज्यासाठी सोलापूरजवळचं नान्नज आपल्याला ठाऊक आहे. राजस्थान-गुजरातमध्ये सौर आणि पवनऊर्जेच्या वीजतारांवर आपटून माळढोक मरतात म्हणून एम. के. रणजितसिंह या निवृत्त सनदी अधिकाऱ्यांनी याचिका केली होती. तारा सरसकट जमिनीखाली घालायचा आधीचा आदेश न्यायालयाने सैल केला, कारण स्वच्छ विजेचीही गरज आहे, आणि ते समजावताना हा हक्क मान्य केला. वन्यजीवांसाठी आयुष्य वेचलेल्या वयोवृद्ध माणसाला हवं ते पुरतं मिळालं नाही, पण त्याच्या खटल्यातून देशाच्या नातवंडांना एक हक्क मिळाला. स्ट्रासबर्गची अदलाबदल इथे उलटी झाली.

पॅसिफिक बेटांवरच्या पोरांनी तर दुकानच बदललं. २०१९ मध्ये कायदा शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांनी वर्गात कल्पना काढली की थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं मत मागावं. वानुआतू या चिमुकल्या देशाने ती उचलली, २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने एकमताने प्रश्न पाठवला, आणि जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने एकमुखाने सांगितलं की हवामानाला होणारी हानी रोखणं हे देशांवर कायद्याने बंधनकारक आहे. हे सल्लावजा मत आहे, हुकूम नाही. निकालांचं पुढे काय होतं ते आज्यांना विचारा: जून २०२४ मध्ये स्वित्झर्लंडच्या संसदेच्या दोन्ही सभागृहांनी ठराव करून टाकला की आम्ही पुरेसं करतोय, या निकालावर आणखी काही करायची गरज नाही.

त्या मे महिन्यात भाचा आला होता तेव्हा जेवताना वाजलंच. तो म्हणाला, तुमच्या पिढ्यांनी वाट लावली. आई म्हणाली, "म्या कोनता धूर केला रे? चुलीचा?" तो गप्प बसला. रात्री त्याने तिच्या खोलीचं माप घेतलं आणि मोबाइलवर एसी बघायला लागला, दीड टनाचा. एसीमुळे बाहेरची हवा आणखी तापते यावर त्याने कॉलेजात प्रकल्प केलेला आहे. पण आजीचे ओठ त्यानेही पाहिले होते. आईने ऐकलं नाही. "माह्या जिवाले एसी नको. बिल कोन भरीन?" मुंबईत दमट हवेत कूलर निरुपयोगी, अकोल्याच्या कोरड्या उन्हात मात्र तो बऱ्यापैकी काम करतो आणि वीज थोडीच खातो. शेवटी कूलरच्या ताट्या बदलल्या. भाच्याने आईच्या मोबाइलवर दर तासाला पाण्याचा गजर लावून दिला. पहिला गजर वाजला तेव्हा तिला वाटलं फोन आला, तिने उचलून "हॅलो" म्हटलं.